टकला टॉवेल

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचे कंपाउंडर खांद्यावर कायम दोन टॉवेल टाकून हिंडायचे. एक नवाकोरा, लुसलुशीत. दुसरा धुऊन धुऊन पार टक्कल पडलेला. सोलापूरचा माणूस, असेल टॉवेलचं कौतुक, असं मी आपलं समजत होते.

शहात्तर-सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात माझी दीड वर्षांची सुमी उलट्या-जुलाबांनी मलूल झाली. सकाळपासून लघवी नव्हती. पाणी दिलं की जुलाब वाढतात, म्हणून सासूबाईंनी पाणीच बंद केलेलं.

कंपाउंडर आले ते थेट सासूबाईंसमोर मांडी घालून बसले. नव्या टॉवेलवर त्यांनी फुलपात्रातलं पाणी ओतलं, ते मुरलं. टकल्यावर ओतलं, ते सासूबाईंच्या लुगड्यावर आलं.

"आजी, आतड्याला आतनं अशीच लव असती. जंतूनं ती खाल्ली की पाणी मुरतच न्हाय. लव परत उगवती की! पन तवर पाणी तोडलं तर पोर वाळंल."

"मग औषध?" सासूबाई लुगडं पिळत म्हणाल्या.

"ह्या जंतूला गोळी न्हाय. पाणीच पाजायचं."

उकळून गार केलेल्या पाण्यात त्यांनी मीठ-साखर घातली आणि चाखून पाहिली. "आसवापेक्षा खारट नको."

मग सुमीला मांडीवर घेऊन चमचा चमचा पाजत बसले. दवाखान्यातून दोनदा बोलावणं आलं, तरी हलले नाहीत. संध्याकाळी त्यांची पांढरी विजार भिजली.

"मुतली!" ते गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले.

सासूबाईंनी लगबगीनं नवा टॉवेल पुढे केला.

"पुसू नका की आजी. आदी डॉक्टरांना दाखवून येतो."