कुशीवरची झोप

रिकाम्या चरवीत पडणारी दुधाची पहिली धार कधी कान देऊन ऐकलीय? आधी कोरडी, टणत्कार करणारी. मग चरवी भरू लागली की फेसात बुडत जाणारी, घोगरी आणि तृप्त! गिऱ्हाइकांसमोरच म्हशींची धार काढून देणाऱ्या कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर भल्या पहाटे ऐकलेला तो नाद अजून माझ्या मनात उबदार राहिला आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आमची सुजाता तेव्हा चार वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे पाय ताठ, आणि झोप म्हणजे वाट चुकूनही घरी न येणारी पाहुणी. तासातासाला ती कळवळून उठायची. जागरणाने क्लांत झालेली मी शाळेत फळ्याकडे तोंड करून उभ्या उभ्या डुलकी काढत असे. असे आणखी किती दिवस निभावणार, याची मला खरोखर भीती वाटायची.

शेवटी पहाट झाली की तिचे पप्पा तिला घोंगडीत गुंडाळून कट्ट्यावर नेऊ लागले, आणि नवल असे की म्हशींच्या हंबरण्यात, गवळ्यांच्या आरडाओरड्यात ती त्यांच्या मांडीवर गाढ झोपे! हे गुपित दडले तरी कशात असेल? आम्ही आधी दुधाला श्रेय दिले आणि रात्री पेलाभर पाजले. मग धारेच्या नादाला दिले. तेव्हा पप्पांनी पाऊण तास बादलीत नळ सोडून पाहिला. सुजाता टक्क जागी आणि पप्पाच घोरताहेत!

एका रविवारी मीही कट्ट्यावर गेले, आणि कोडे सोडवले ते दत्तूमामा गवळ्याने. "ताई, घरात पोरीला उताणी निजवताय व्हय? हितं बघा की, कुशीवर हाय, गुडघं दुमडून, मधी बापाचा हात." त्याचा आवाजच असा खणखणीत की अख्ख्या कट्ट्याला ऐकू जाई. मी ओशाळले. पाय सरळ व्हावेत म्हणून आम्हीच, वेड्या मायेने, तिला रोज रात्री पट्टीसारखी सरळ निजवत होतो! राजारामपुरीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीही मामाच्या म्हणण्याला मान डोलावली, आणि गुडघ्यांमध्ये ठेवायला माझ्या जुन्या साडीची घट्ट गुंडाळी करून दिली.

पुढेही वाईट रात्री आल्याच. पण ती पहिली रात्र! उन्हे वर येईस्तोवर सारे घर झोपले. दारावर थाप पडली तेव्हा मी दचकून उठले. कट्ट्यावर आमच्यापैकी कुणी फिरकले नाही म्हणून दत्तूमामा चरवी घेऊन घाबराघुबरा आला होता. "पोरगी बरी हाय न्हवं?" मी ओठांवर बोट ठेवून आत दाखवले. त्याने डोकावून कुशीवर निजलेली सुजाता पाहिली. मग "निजू दे," एवढेच, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, कुजबुजला, आणि आमचे पातेले तिरपे धरून त्याने दूध असे ओतले की धारेचा आवाजही झाला नाही.