भेटीच्या माश्या

माझे भाऊजी ब्रोन्युस हट्टी माणूस. बहीण गेल्यावर मी त्यांच्याच घरी राहते, तेव्हा हे सांगायचा हक्क मला आहे. स्वतः चुकले तरी खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं त्यांना लगेच सापडतं.

आमच्या लिथुआनियातल्या पाइनच्या जंगलात मधमाश्या विकत नाहीत. वसंत सरताना पेटीतून नवा थवा निघाला, की टोपलीत धरून आपल्या माणसाला द्यायचा. देणारा नि घेणारा मग एकमेकांचे बिचुलिस, सख्ख्या भावाहून जवळचे. भेटीच्या माश्या तपासायच्या नाहीत, वर्षभर औषधही द्यायचं नाही. नव्या सुनेला कोणी दारात साबण लावून धुतं का?

भाऊजींनी त्यांच्या जुन्या दोस्ताला, झिग्मासला, असाच थवा दिला. दुसऱ्या वर्षी झिग्मासच्या सगळ्या पेट्यांपुढे चुरगळलेल्या पंखांच्या माश्या गवतात सरपटू लागल्या आणि पानगळीपर्यंत सगळ्या मेल्या. आम्ही माश्यांना माणसासारखं पुरतो. झिग्मास दिवसभर सफरचंदाच्या झाडाखाली खणत होता.

"हे रिम्विदासचं काम!" भाऊजी चर्चच्या पायरीवर ओरडले. गावातलाच हा रिम्विदास इटलीहून राणीमाश्या मागवायचा. "परदेशी घाण आणली गावात!" तिथेच न थांबता त्यांनी स्वतःच्या नि रिम्विदासच्या पेट्यांतल्या आणि झिग्मासच्या मेलेल्या माश्या राजधानीतल्या प्रयोगशाळेला पाठवल्या. तिथली दाइव्हा नावाची मुलगी निकाल घेऊन आली, तेव्हा ऐकायला भाऊजींनी झिग्मासला आणि मुद्दाम रिम्विदासलाही बोलावलं. मी बीटचं सूप वाढलं.

दाइव्हा म्हणाली, "आजोबा, पंख चुरगळतात ते एका विषाणूमुळे. तो माश्यांमध्ये फार जुना आहे. त्याच्या कितीतरी जाती गुण्यागोविंदाने राहत होत्या. मग माशीला चिकटणारी ती तांबडी गोचीड आली आणि त्याला सरळ रक्तात टोचू लागली. त्या वाटेने ज्या जाती टिकल्या त्याच वाढल्या, आणि त्याच सगळ्यात वाईट निघाल्या."

"ते राहू दे. आणला कुणी ते सांग," भाऊजी म्हणाले.

"विषाणू आपली नक्कल काढताना चुका करतो. त्या चुका पुढच्या पिढीत उतरतात, घराण्याच्या नाकासारख्या. रिम्विदासकाकांचा विषाणू वेगळ्याच घराण्यातला आहे. तुमच्याकडच्या सगळ्या चुका झिग्मासआजोबांकडे आहेत, वर दोन नव्या. म्हणजे तो तुमच्याकडून तिकडे गेला."

रिम्विदासने टोपी उचलली. "सूप छान होतं, मावशी," एवढंच मला म्हणाला आणि गेला. भाऊजींनी त्याला थांबवलं नाही.

ते वळले झिग्मासवर. "माझ्या माश्या जगल्या, मी दर पानगळीत गोचिडीचं औषध करतो! तू का नाही केलंस?"

"तुझ्या भेटीला?"

"अरे, पण काही दिसलं तरी असेल!"

"पहिल्याच दिवशी दिसलं. टोपलीच्या तळाशी दोघी-तिघी होत्या, पंख आखडलेल्या."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बिचुलिसच्या माश्यांना रोगट म्हणू? तोंड दाखवलं असतंस का मला पुन्हा?"

मला त्या दोघांचाही राग आला. मोठ्या मनाची माणसं म्हणे, आणि एकाला 'रोगट' म्हणायची छाती नाही, दुसऱ्याला 'चुकलो' म्हणायची.

पुढच्या जूनमध्ये भाऊजींच्या पेटीतून थवा निघाला. त्यांनी त्यातली माशीन् माशी निरखली, आयुष्यात पहिल्यांदाच भेट तपासली, आणि टोपली घेऊन झिग्मासकडे निघाले. मीही मागे गेले. अंगणात नव्या पेट्या गुणगुणत होत्या.

"कुणी दिल्या?" भाऊजींनी विचारलं.

"कुणी नाही. रिम्विदासकडून विकत घेतल्या."

"विकत?" भाऊजींनी टोपली पुढे केली. "मी असताना?"

"विकतच्या माश्यांना तोंडावर रोगट म्हणता येतं, ब्रोन्युस," झिग्मास म्हणाला आणि धुराचा भाता घेऊन पेट्यांकडे वळला.

परतताना मी म्हटलं, "रिम्विदासला द्या थवा. निदान माफी मागितल्यासारखं तरी होईल."

भाऊजींनी जंगलाच्या कडेला टोपली ठेवली आणि झाकण काढलं. थवा थोडा वेळ फांदीला लोंबला, मग पाइनच्या शेंड्यांवरून आत निघून गेला. औषधाशिवाय त्या माश्या हिवाळा काढणार नाहीत, हे भाऊजींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.