बाबांच्या नट्यांना ऊन दाखवलं

बाबांना जुन्या कृष्णधवल सिनेमांतल्या नट्यांचं भारी वेड. टीव्हीवर लागलेले सिनेमे त्यांनी स्वतः बसून, जाहिरात आली की रेकॉर्डिंग थांबवत, कॅसेटींवर उतरवले होते. आमच्या मालवणच्या घरात कपाट एकच, त्यात खाली आईच्या साड्या आणि वर बाबांच्या नट्या. "रडूक सगळ्यांका येता गो," ते मला सांगायचे. "समोरचो बोलता तेव्हा ऐकूक कोणाक येता, ता बघ." मग टेप मागे नेऊन एकीची नुसती मान कशी वळते ते तीनदा दाखवायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्या बायांका भूक लागणा नाय, आमका लागता!"

२००२ साली त्यांना अर्धांगवायू झाला आणि बोलणं गेलं. म्हणजे आमच्याशी गेलं. लाडकी नटी पडद्यावर आली की तिच्या नायकाची वाक्यं मात्र ते बोबडी का होईना, म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, रोज म्हणू द्या, वाचा आली तर यातूनच येईल. आता आई चूल सोडून उंबऱ्यावर ऐकायला बसायची.

मे महिन्यात पाहते तर कॅसेटींवर पांढरी बुरशी. आमच्याकडे बुरशीला औषध एकच, ऊन. पावसाळ्याच्या बेगमीची कोकमाची सोलं, पापड, सुके बांगडे घरापुढच्या खळ्यात पसरलेच होते. शेजारी तापलेल्या पत्र्यावर मी कॅसेटी मांडल्या. दुपारी उलटवल्यासुद्धा, कसली हुशार! संध्याकाळी एकही सरळ राहिली नव्हती. यंत्रात घातली ती अडकली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. कपाळ माझं!

खरं सांगते, मला ना रडू आलं ना राग. हात दुसऱ्या कुणाचे असावेत तशी मी सोलं गोळा करत राहिले. कुडाळच्या दुकानांत सीडी होत्या, पण त्यांची ती नटी कुठेच मिळाली नाही. दुसऱ्या लावून पाहिल्या. बाबा भिंतीकडे बघत बसले.

आठवड्याने आई त्यांच्या खुर्चीपुढे पाट घेऊन बसली. टीव्ही बंद. आणि तिने त्या नटीची वाक्यं म्हणायला सुरुवात केली, चक्क हिंदीत. एक वाक्य म्हणायची, नायकाच्या उत्तरापुरती थांबायची. मग पुढचं वाक्य. मी दारात उभी होते आणि मला तेव्हाही काही वाटत नव्हतं.

शेवटी तिने पदराने त्यांची लाळ पुसली. "बरां," म्हणाली, "आज नको तर नको."

बाबा गेले तोवर, चार वर्षं, ती रोज तशी बसली. त्यांचं एकही वाक्य आलं नाही.