जीपखालचा पुठ्ठा

वैनीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी कुजक्या नारळावरून वाद घालत होतो. वैनी म्हणाली, "भावजीनू, बेगीन येवा. हे उठनत नाय."

"खंय आसा तो?"

"जीपखाली."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. भाई जीपखाली आहे आणि उठत नाही, यात बातमी म्हणावी असं काय होतं? गेली काही वर्षं हाक मारून तो कधी जेवायलाही उठलेला नव्हता. नारळ बदलून दिला, शटर अर्धं ओढलं आणि तारकर्लीला निघालो. पोचलो तर घरापुढच्या खळ्यात माणसं जमलेली. जीपखालून दोन पाय बाहेर, नेहमीसारखेच, आणि पायांजवळ चहाचा कप. चहावर साय धरली तेव्हा वैनीला शंका आली होती... भाई गेला त्याला आता महिना होऊन गेला, तरी कुणाच्याही चहावरची साय मला बघवत नाही.

भाई म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. आमच्या आज्यापासून सगळे होडीवाले. जमिनीवर चाकं लावून पोट भरणारा भाई पहिला. कुडाळ स्टेशनवरून पर्यटक आणायचे, परत सोडायचे. जीप जुनी, टर्बो डिझेल, आणि गळकी. इंजिनातून तेल गळायचं. रात्री भाई इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी लोक पेपरातलं राशिभविष्य बघतात तसा तो पुठ्ठा बघायचा. "आज फुडल्या सीलाकडसून दोन थेंब. मागचा बंद झाला." मग पुढचं सील बदलायचं. की मागचं सुरू.

या सगळ्यात माझं काम बॅटरीचा उजेड धरण्याचं. दुकान बंद करून संध्याकाळी मी जायचो. पन्नाशीतला, पोट सुटलेला मी जमिनीवर आडवा, कोपराला खडे टोचतायत, आणि भाई आतून ओरडतोय, "अरे, इंजिन हय आसा! तू माडाक कित्याक उजेड दाखवतंस?" गॅस्केटं बदलून झाली, पाइपांचे क्लिप बदलून झाले, टर्बो उतरवून पुन्हा चढवला, सायलेन्सरमधून निळा धूर यायचा तो येतच राहिला. कुडाळचा मिस्त्री म्हणाला, इंजिन उघडूया. भाई म्हणाला, आधी बाहेरनं बघतंय. मी कंटाळलो होतो. भाईही कंटाळला होता, पण त्याला थांबता येत नव्हतं.

कारण आरोंदा. वैनीचं माहेर तिथलं. तीन वर्षांपूर्वी तिची आई अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला, दोघं जीप घेऊन निघाले, आणि शिरोड्याच्या अलीकडे जीपने धूर ओकला. तेल संपलेलं, इंजिन तापलेलं. दुसरी गाडी मिळून पोचेपर्यंत म्हातारी गेली होती. वैनी भाईला एका शब्दाने बोलली नाही. फक्त त्यानंतर ती त्या जीपमध्ये बसली नाही. दर सोमवारी आजारी भावाला बघायला आरोंद्याला जायची, ती एसटीने. दोन ठिकाणी बदलून, गुडघे धरून. भाई दर रविवारी विचारायचा, "उद्या जीपीन जावया?" ती म्हणायची, "बघूया." आमच्या घरात बघूया म्हणजे नाही.

उलगडा झाला तो माझ्या पांढऱ्या शर्टाच्या किमतीवर. इंजिन चालू होतं, मी वाकून बॅटरी धरलेली, आणि तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकली. पुढच्या क्षणी फस्सकन तेल माझ्या छातीवर. भाई पोट धरून हसला. मग हसता हसता पट्टीकडे बघू लागला... "बाबी, आत वारो अडाकलो."

चालत्या इंजिनाच्या पोटात थोडा धूर-वारा साठतच असतो, म्हणे. तो बाहेर जायला एक रबरी नळी असते. ती नळी तेलकट वाफ टाकून घाण करते म्हणून कुणा मेकॅनिकने कधीतरी ती सोडवून खाली लोंबती ठेवली होती. भाईने बॅटरी माझ्या हातातून घेतली, नळी चाचपत खाली गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात लाकडी बूच होतं. कापूस गुंडाळून डांबर फासलेलं, होडीच्या भोकाला मारतात तसं. चार वर्षांपूर्वी एका पावसात रस्त्यावर पाणी चढलं होतं तेव्हा त्यानेच ते ठोकलं होतं. होडीवाल्याच्या पोराला उघडं भोक दिसलं की हात शिवशिवतात; तो ते बुजवतो आणि मग देवाचं नाव घेऊन विसरतो. कोंडलेला वारा मग जिथे फट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलत राहिला. टर्बोतलं तेलही खाली उतरेना, म्हणून तो निळा धूर.

"म्हणजे आरोंद्याच्या दिसाक..." एवढंच भाई बोलला. मी बॅटरी विझवली.

त्याच रात्री जेवताना त्याने बूच पानाशेजारी ठेवून वैनीला सगळं सांगितलं. मी समोरच होतो. वैनीने ऐकलं, त्याला भात वाढला, मला कढी वाढली, आणि बूच उचलून खिडकीत ठेवलं.

नळी मोकळी झाली, सीलं एकदा शेवटची बदलली, आणि पुठ्ठा कोरडा राहू लागला. तरी भाई रोज सकाळी खाली जायचाच. वैनी म्हणायची, "गळत नाय, तर खाली कित्याक जातास?"

"बघूक. कोरडा बघूक बरा वाटता."

त्या सकाळीही तो कोरडं इंजिनच बघायला गेला होता.

गेल्या सोमवारी वैनीचा फोन. "भावजीनू, जीप चलवतास? आरोंद्याक जावचा आसा." मी चालवली, माझं ड्रायव्हिंग बघून वैनी वाटभर देवाचा धावा करत होती. जीप कुठे थांबली नाही. परतीला शिरोडं मागे पडल्यावर वैनी समोर बघत म्हणाली, "त्या दिसा मी चाय ठेवलंय, आनी तेंच्या पायांकडे बघान सांगलंय, मी सोमवारी जीपीन येतंय. हे काय बोलाक नाय. माका वाटला, रुसले..."

माझा गिअर चुकला.

खळ्यात गाडी लावली. वैनीने पुठ्ठा आणून पायाने इंजिनाखाली सरकवला. मी म्हटलं, गळत नाही गो वैनी. "माका म्हायत आसा," ती म्हणाली. आणि उभीच राहिली. मग मी, का कोण जाणे, आडवा होऊन खाली शिरलो. पोट अडकलं, तरी शिरलो. वर इंजिन कोरडं, अजून गरम. बाहेर वैनीची पावलं दिसत होती.

अगदी हळू, कप ठेवताना बोलावं तशी ती बोलली, "मी सोमवारी जीपीन येतंय." मग जरा वाकून, "भावजीनू, आयकाक येता खाली?"

"येता, वैनी. सगळा आयकाक येता."

पावलं बराच वेळ हलली नाहीत. मीही बाहेर आलो नाही.