उचगावचे भाडेकरू

फ्लॅट भाड्यानं देणाऱ्याचं भाडं एखाद्या महिन्यात चुकेल, पण किस्सा चुकत नाही. आम्ही तिघा मित्रांनी, म्हणजे मी, हार्डवेअरवाला दिलीप आणि इलेक्ट्रिकचं दुकान असलेले शौकतभाई, उचगावात एकाच बिल्डिंगमध्ये गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतले. तेव्हापासून शौकतभाईंच्या दुकानात चहाला बसलो की हाच विषय.

दिलीपचं पहिलं धोरण, बॅचलर ठेवायचे. भाडं जास्त मिळतं. एमआयडीसीतली दोन पोरं ठेवली. पुढं पाण्याची टाकी सारखी रिकामी व्हायला लागली म्हणून हा बघायला गेला, तर जिन्यापासूनच चपला. आत निम्मे झोपलेले, निम्मे ड्यूटीवर निघालेले. हादरून त्यानं विचारलं, "किती जण राहताय रे?"

एकानं शांतपणे विचारलं, "आत्ता, का एकूण?"

मग ठरलं, फक्त फॅमिली. मी एक सज्जन कुटुंब ठेवलं. दिवाळीला बायकोसोबत मिठाई घेऊन गेलो, तर किचन आणि हॉलमधली भिंतच गायब! भाडेकरू म्हणाला, "वारं लागत न्हवतं. खर्च मी केलाय, तुम्ही काळजी करू नका."

बायको त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. म्हणाली, "अहो, आपल्या घरातबी असंच करूया की."

शौकतभाई आमच्यात हुशार. अटी आधीच सांगायच्या, हे त्यांचं धोरण. तळमजल्यावरचा आपला फ्लॅट त्यांनी गारगोटीकडच्या, डेअरीत नोकरीला असलेल्या एका माणसाला दिला. कुत्रं-मांजर चालणार नाही, असं बजावून. पुढं शेजाऱ्यांची तक्रार आली. शौकतभाईंनी बाथरूमचं दार उघडलं आणि दोन पावलं मागंच सरले. आत रेडकू. गावाकडं त्याची म्हस मेली होती आणि तो माणूस त्याला बाटलीनं दूध पाजत होता.

"कुत्रं-मांजर म्हणालता तुम्ही," तो म्हणाला. "रेडकाचं कुठं म्हणालता?"

ते मोठं होईपर्यंत शौकतभाईच त्याला पेंड नेऊन देत होते.

शेवटी दिलीपनं धोरण पक्कं केलं. एकटं, वयस्क माणूस ठेवायचं. घर जपलं जातं आणि करार संपला की भाडं वाढवता येतं. आजऱ्याच्या एक रिटायर्ड नर्सबाई त्याला मिळाल्या. दिलीपची आई गेल्यापासून त्याचे वडील, आबा, घरात कुणाशी फारसं बोलत नव्हते. दुपारी फिरायला म्हणून जायचे ते संध्याकाळीच यायचे. त्यामुळं दिलीपच्या डोक्याला आधीच घोर. त्यात बाईंचा करार संपत आला. भाडेवाढीचं बोलायला एकट्याला अवघड वाटलं, म्हणून नव्या कराराचा कागद घेऊन त्यानं मला सोबत नेलं.

बेल वाजवली. दार आबांनी उघडलं.

अंगात बनियन, हातात निम्मी निवडलेली कोथिंबीर. घरी या माणसानं कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता. मी जिन्याकडं बघायला लागलो.

आबांनी आधी लेकाकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कागदाकडं. मग मान वळवून आत हाक मारली,

"अगं, घरमालक आल्यात."