बादलीपासून तळापर्यंत

आमच्या बाथरूममधून रोज सकाळी बुडबुड असा आवाज यायला लागला, तेव्हा मला वाटलं नळ बिघडला. आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत नळ बिघडला की प्लंबरच्या नाकदुऱ्या काढाव्या लागायच्या, म्हणून मी लगेच दार ठोठावलं. आवाज थांबला. थोड्या वेळाने हे टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. चेहरा लालबुंद, केस ओलेचिंब आणि अंगातला बनियन मात्र कोरडा ठणठणीत. इतकी वर्षं संसार केल्यावर नवऱ्याचं डोकं ओलं आणि बनियन कोरडा का, एवढं तर बाईने विचारायलाच हवं. मी विचारलं. हे म्हणाले, काही नाही, तोंड धूत होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडबुड. ह्यांना कडी लावायची सवय नाही, मी सरळ दार ढकललं. बघते तर काय, साहेब पाटावर बसलेले, पुढ्यात काठोकाठ भरलेली बादली आणि बादलीत मुंडकं.

आमच्याकडे तेव्हा पिण्याचं पाणी टँकरने यायचं. टँकर आला की सातव्या मजल्यावरून मी कळशी घेऊन धावायची, आणि लिफ्ट त्याच दिवशी बंद असायची. अशा घरात हा माणूस भरलेल्या बादलीत डोकं घालून बसलेला. मी जो तोफखाना सुरू केला तो चहा होईपर्यंत थांबवला नाही. हे मुकाट ऐकत होते. केंद्र सरकारच्या खात्यात उभी हयात काढलेला माणूस, वरून कितीही बोलणी आली तरी खाली मान घालून ऐकायची ह्यांना सवय होती.

माझा दम संपल्यावर म्हणाले, "अंदमानची तयारी करतोय."

अंदमानचं प्रकरण असं होतं. पुढच्या वर्षी हे रिटायर होणार होते, आणि सरकारी खर्चाने सहलीला जायची ही शेवटची संधी होती. ह्यांच्या ऑफिसातले सगळे एव्हाना विमानाने अंदमानला जाऊन आले होते आणि टेबलावर शंख ठेवून बसले होते. ज्यांनी आयुष्यात जनरलच्या डब्याच्या वर काही पाहिलं नव्हतं, तेही आता खिडकीची सीट मागायला लागले होते. आमची मुलगी गुरगावच्या एका काचेच्या बिल्डिंगीत नोकरीला होती, पगार बापाच्या पुढे गेलेला. तिने परस्पर ठरवून टाकलं की नुसता समुद्र बघून यायचं नाही, आत उतरायचं. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं. त्याला स्कूबा म्हणतात, पोहता यायची गरज नाही, आई, बिल्कुल सेफ आहे, सगळे करतात. मी हसण्यावारी नेलं. हे "बघू" म्हणाले. ह्यांच्या ऑफिसात "बघू" म्हणजे "नाही", म्हणून मी निर्धास्त होते.

आणि आता ही बादली.

खरं तर आमच्या सोसायटीत पोहायचा तलाव होता. फ्लॅट बुक केला तेव्हा माहितीपत्रकावर इमारतीपेक्षा तलावच मोठा छापला होता, निळाशार, काठावर गोऱ्या बायका. आम्ही सरकारी क्वार्टरमधून आलेली माणसं, तलाव बघून आमचे डोळे दिपले. पाणी भरायला बिल्डरने बरीच वर्षं घेतली, तोवर त्यात सोसायटीची पोरं क्रिकेट खेळायची. पाणी आल्यावर दर रविवारी हे पँट दुमडून काठाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. पायाचा अंगठासुद्धा कधी ओला केला नाही. शेजारचे शर्माजी आतून हाका मारायचे, आइए ना भाईसाहब. ह्यांना बारा महिने जुकाम, म्हणजे सर्दी. मला वाटायचं, पोट सुटलंय म्हणून शर्ट काढायला लाजतात.

म्हणून त्या दिवशी चहा ओतता ओतता मी म्हणाले, अहो, घरचा तलाव सोडून बादलीत काय डुंबताय? आणि तेही ह्या वयात? आपल्यात म्हणतातच ना, पाण्यात पडलं की पोहता येतं.

ह्यांनी कप खाली ठेवला. "पडू तर द्यायला हवं ना कुणी."

मग पहिल्यांदा सांगितलं. मी नागपूरची, शहरातली, आमच्याकडे नळ होता. ह्यांचं गाव परभणीकडे. गावात पायऱ्यांची मोठी विहीर होती. उन्हाळ्यात गावातली सगळी पोरं दिवसभर तिच्यात पडलेली असायची, पाठीला वाळके भोपळे बांधून पोहायला शिकायची. शेवटची परीक्षा एकच. काठावरून सूर मारायचा, थेट तळाशी जायचं आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचं. मूठ उघडली, गाळ दिसला, की काठावरची पोरं ओरडायची, "आला रे आला, तळाला लागून आला!" मग तो पोहणारा ठरायचा. आमच्या समाजाच्या पोरांना त्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती. माझ्या सासूबाई घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, तेवढंच. हे त्यांच्या लुगड्याला धरून उभे राहायचे आणि ती पोरं मुठी उघडताना बघायचे. पुढे हॉस्टेल, नोकरी, दिल्ली. शिकायचं वय गेलं आणि पाण्याची भीती तेवढी मुक्कामाला राहिली.

"एकदा तळाला हात लावून यायचंय," हे म्हणाले. "रिटायर व्हायच्या आधी. बस, एवढंच."

मला इतका राग आला म्हणून सांगू. त्या गावाचा आला, विहिरीचा आला, आणि एवढं पोटात ठेवून दर रविवारी जुकामाचं नाटक करणाऱ्या ह्या माणसाचाही आला. आणि भयंकर वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की मी भांडते. म्हणून मी म्हणाले, चहा गार होतोय, चार्टर्ड बस निघून जाईल, उठा. हे उठून ऑफिसला गेले आणि मग मी ओट्याशी उभी राहून रडून घेतलं.

मुलीला कळलं तशी ती ह्यांना तलावावर घेऊन जायला निघाली. हे तयार होईनात. चार वर्षांची पोरं तिथे बेडकासारखी उड्या मारतात, त्यांच्यासमोर धडे गिरवायचे नाहीत, बादली बरी. मग मीच रोज बादली भरून ठेवायला लागले. ह्यांचा तास झाला की त्याच पाण्याने फरशी पुसायची. त्या महिन्यात आमची फरशी अशी चकाकत होती की शर्माजींच्या बायकोने मला फिनाईल कुठलं ते विचारलं. बादलीतली प्रगतीही उत्तम होती. बुडबुड होण्याआधीची शांतता दिवसेंदिवस लांबत चालली होती, आणि बाहेर आल्यावर हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आज कालच्यापेक्षा जास्त वेळ दम कोंडला.

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरचा समुद्र त्या माहितीपत्रकातल्या तलावापेक्षाही निळा निघाला, तेव्हा मला जरा बरं वाटलं. कुठेतरी चित्रातलं खरं असतं म्हणायचं. शिकवणारा तमिळ होता, तिशीतला, काळाकभिन्न, दाढीवाला, हिंदी अगदी साफ. त्याने आम्हाला काळे रबरी कपडे दिले. ते अंगात चढवायला मुलीला माझ्या पाठीत गुडघा लावावा लागला. बाप्पा रे, मी आरशात बघितलं नाही तेच बरं. मग त्याने नियम सांगितले. तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा. खाली कशाला हात लावायचा नाही, खालून काही उचलायचं नाही. ह्यांनी सरकारी परिपत्रक ऐकावं तशी मान डोलावली. हा माणूस ऑफिसातली टाचणीसुद्धा कधी घरी आणत नाही, नियम ह्यांना सांगायला लागत नाहीत.

आधी मी गेले. घाबरत गेले, पण गेले. पाण्याखाली गेल्यावर कळलं की इथे बोलताच येत नाही. लग्न झाल्यापासून एवढा वेळ मी गप्प बसले नव्हते. एक पिवळा मासा माझ्या डोळ्यांवरच्या काचेसमोर येऊन थांबला आणि चांगला टक लावून बघत राहिला, घरी आलेल्या पाहुण्याकडे शेजारची म्हातारी बघते तसा. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि तोंडात नळी. इतकं हसू आलं की नळी सुटायची वेळ आली. वर आले ती लहान मुलीसारखी खिदळतच आले, आणि मग ह्यांचा चेहरा दिसला.

ह्यांची पाळी होती. कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून नुसतं डोकं बुडवायचं आणि नळीने श्वास घेऊन बघायचा, मग पुढे. ह्यांनी डोकं बुडवलं. बुडबुडे नाहीत. काहीच नाही. मग एकदम धडपडत वर, डोळे वटारलेले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शिकवणारा म्हणाला, "सर, साँस क्यों रोक रहे हो? रोकना नहीं है, लेते रहना है."

आणि मला लख्खकन कळलं. बादली! महिनाभर ह्या माणसाने पाण्यात तोंड गेलं की दम कोंडायचा, हेच इमानेइतबारे घोटून घेतलं होतं. मी बादल्या भरभरून दिल्या होत्या. आणि इथे नेमकं तेच करायचं नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

हे वाळूवर येऊन बसले. डोळ्यांवरचा पाण्यातला चष्मा काढला. शिकवणारा भला माणूस, म्हणाला, होतं असं बऱ्याच जणांचं, गुडघाभर पाण्यात छान फोटो काढून देतो. मुलीचे डोळे भरून आले. "बाबा, इट्स ओके यार," ती म्हणाली. हे म्हणाले, "जाऊ दे. माझ्याच्याने होत नाही." आणि टॉवेल शोधायला लागले.

त्या टॉवेलने माझं डोकं फिरलं. ओके कसलं? त्या विहिरीच्या काठावरून परत आलेला माणूस समुद्राच्या काठावरूनही परत जाणार? मी ते रबराचं पोतडं सांभाळत त्यांच्या शेजारी फतकल मारून बसले.

आमच्या घरी सकाळी वंदना झाली की आम्ही दोघं आनापानाला बसतो. डोळे मिटायचे, श्वास आत येतो, बाहेर जातो, त्याच्याकडे नुसतं लक्ष द्यायचं. मी इगतपुरीला विपश्यनेला जाऊन दहा दिवस शिकून आलेली. हे माझ्याशेजारी बसतात आणि दोन मिनिटांत घोरतात.

"अहो," मी म्हणाले, "बादली विसरा. सकाळी बसतो तसं बसा. येतो तो येऊ द्या, जातो तो जाऊ द्या. अडवू नका."

"तिथे नाकाने असतं," हे म्हणाले.

"मग इथे तोंडाने. आणि कृपा करून झोपू नका."

हे हसले. बऱ्याच वेळाने हसले. मग टॉवेल माझ्या हातात दिला आणि पाण्यात गेले. आणि काय सांगू, कमरेएवढ्या पाण्यात, पाठीवर टाकी घेऊन, साहेबांनी चक्क मांडी घातली. शिकवणाऱ्याला वाटलं पाय मुरगळला, तो सरळ करायला धावला. मी वरून ओरडले, रहने दो भैया, ऐसे ही बैठते हैं. ह्यांचं डोकं पाण्याखाली गेलं. थोडा वेळ काही नाही. मी टॉवेल पिळत बसले, कोरडाच. आणि मग बुडबुडे आले. थांबले. परत आले. आमच्या बाथरूममधलीच बुडबुड, पण निवांत, घाईगर्दी नसलेली. मुलीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

शिकवणारा ह्यांना पाठीमागून धरून पुढे घेऊन गेला. बुडबुड्यांची रांग खोल निळ्या पाण्याकडे सरकत गेली आणि मी छातीएवढ्या पाण्यात शिरून तिच्यावर नजर लावून उभी राहिले. लाट आली की रांग हरवायची आणि मी टाचा उंचावून ती शोधायची. मुलगी म्हणत होती, चिल आई, तो आहे ना सोबत. मी तिला गप्प बस म्हणाले.

हे वर आले तेव्हा आधी शिकवणाऱ्याचा आवाज आला. तो चिडला होता. "सर, मना किया था ना, नीचे से कुछ नहीं उठाना." हे त्याला उत्तर देत नव्हते. एका हाताने पाणी कापत सरळ माझ्याकडे येत होते. दुसरा हात पाण्याच्या वर धरलेला, मूठ घट्ट.

माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तोंडातली नळी काढली, दम लागलेला, ओठ निळे पडलेले. मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर पांढरी ओली वाळू होती.

"बघ," म्हणाले.

मी बघितलं. मग आजूबाजूला गुजराती, बंगाली, कुठकुठली माणसं होती त्यांची मी काही तमा बाळगली नाही. माझ्या नागपुरी गळ्यात जेवढा आवाज होता तेवढा काढला.

"आला रे आला, तळाला लागून आला!"

नवऱ्याला अरेतुरे केलं ते त्या एकाच दिवशी. हे लहान मुलासारखे रडले, मुलगी रडली, शिकवणारा आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मग ह्यांनी त्याची माफी मागितली, हात पाण्यात धरला आणि वाळू होती तिथे परत सोडून दिली.