गोटा की कातळ

आमच्या वाडीत कोणी खोकलं तरी लोक आधी मी कुठे उभा आहे ते बघतात. दोष माझाच आहे. दहावीत असताना दाराआडून हेडसरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती आणि दोन वर्ग दप्तरं उचलून घरी गेले होते. बांद्याच्या गाडीचा कंडक्टर, कुणकेश्वरच्या जत्रेतला खेळणीवाला, आमच्या शेजारणीचा कोंबडा, सगळे माझ्या गळ्यात राहतात. एकदा पिंगुळीला बाहुल्यांचा खेळ बघायला गेलो, तर परत येताना गाडीत राजा, राणी आणि ढोलकी असे तिघे माझ्या तोंडून भांडत होते. आई म्हणाली, तुका शाळेत घातलंय त्यापेक्षा बाहुल्यांच्या पेटीत घालूक होयो होतो.

पण एक आवाज मी माणसाकडून शिकलो नाही. तो दगडाचा. शिकवला मामाने.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. अख्ख्या पंचक्रोशीत विहिरी त्यानेच खणल्या. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. कुठल्याही बावीत खाली दगड लागला की काम थांबतं आणि सगळे मामाकडे बघतात. मग मामा घणाचा एक ठोका मारतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो. दोनच निकाल असतात. गोटा, म्हणजे मातीत रुतलेला सुटा दगड, असेल तर पुढे खणा. कातळ असेल तर थांबा, कारण मग सुरुंगाशिवाय पुढे वाट नाही.

मी सात-आठ वर्षांचा असताना त्याने मला अशाच एका बावीत कमरेला दोर बांधून उतरवलं होतं. ठोका मारून म्हणाला, "ऐक. कातळाचो आवाज लांब जाता. गोट्याचो आवाज थंयच मरता." मी तिथल्या तिथे दोन्ही काढून दाखवले. कातळाचा *टण्णऽऽऽ*, शेवटी नाकातून बारीक होत जाणारा. गोट्याचा *टण्*, लगेच तोंड मिटायचं. मामा इतका हसला की वरच्या गड्यांना वाटलं खाली काहीतरी झालं. पुढे कितीतरी वर्षं लग्नात, बारशात, कोणी भेटलं की तो मला पुढे ढकलायचा. म्हणायचा, ह्येका दगड येता.

यंदा वैशाखात मामाने आमच्या अंगणात बाव खणायला घेतली. त्याचे गुडघे गेलेत, म्हणून त्याने आधीच सांगून टाकलं होतं की ही शेवटची, आणि ती बहिणीची. आईने लग्न होऊन आल्यापासून पाणी व्हाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, नाहीतर शेजारणीच्या बावीवरून आणलं. शेजारीण बाई चांगली आहे, पण कळशी भरताना तिची सून दारात उभी राहून बघते, आणि ते बघणं आईला कळशीपेक्षा जड व्हायचं. त्यामुळे बाव म्हटल्यावर आई नव्या नवरीसारखी वागायला लागली. गड्यांना रोज घावणे. मामाला वर गूळ घातलेला नारळाचा रस.

वीस-बावीस हात सगळं बरं गेलं. वरती तांबडी माती, मग माती आणि गोटे, मग गोटेच जास्त. लहान, मोठे, नारळाएवढे, फणसाएवढे. लाडवात मनुका असतात ना, इथे मनुकांत लाडू होता. माती ओलसर लागायला लागली. आणि मग बावीच्या तळाला, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत, काळा दगड लागला.

मामा उतरला. ठोका मारला. डोळे मिटले. मी वर काठावर पोटावर झोपून बघत होतो.

आवाज आला, *टण्*. आणि थंयच मेला.

मामाने डोळे उघडले आणि म्हणाला, "कातळ."

मला वाटलं, मीच वर आहे, मला नीट ऐकू आलं नसेल. मामाने तीसएक बावी काढल्या आणि मी काय काढलं, तर शेजारणीचा कोंबडा. मी गप्प बसलो. सुरुंग लावायचा तर घराची भिंत दहा हातांवर. म्हणजे विषय संपला. मामा वर आला, आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, नशीब नाय गो बाय, बुजवून टाकूया. आईने घावण्याचा तवा काढला आणि उरलेल्या पिठाचे घावणे घातले, जेवढं पीठ होतं तेवढ्या सगळ्याचे. गड्यांनी सामान आवरलं. बुजवायला पुढल्या सोमवारी यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात एक मॅडम आल्या. देशावरच्या, कॉलेजात दगडांवर अभ्यास करणाऱ्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांना घाटाच्या पायथ्याचा व्हाळ बघायचा होता आणि वाट दाखवणारा कोणीतरी हवा होता. चहाच्या टपरीवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, ह्यो मोकळोच आसता, फक्त ह्येच्यासमोर जास्त बोलू नका, संध्याकाळी तुमचोच आवाज ऐकूक येतलो.

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पहिल्या तासात त्या इतकं बोलल्या की माझी संध्याकाळची सोय झाली. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "बघा हं, म्हणजे काय तर". व्हाळाने एका बाजूची दरड उभी कापली आहे, तिथे त्या नाक लावून उभ्या राहिल्या. मी ती दरड जन्मापासून बघत आलोय. लहानपणी तिथे आम्ही मुतायचो. त्यांना मी हे सांगितलं नाही.

बघा हं, म्हणजे काय तर, आपला सह्याद्री हा मुळात आगीचा. जमिनीतून तापलेला रस वर आला, पसरला, थंडावला, त्यावर पुन्हा दुसरा. असे थरावर थर. त्यांनी एक दगड फोडून दाखवला. आत जाळीदार पोळ्यासारखी बारीक भोकं. म्हणाल्या, हे त्या रसातले बुडबुडे. काही भोकांत पांढरे खडे चमकत होते. ते मागाहून पाण्याने आणून भरले. मग तो डोंगर लाखो पावसाळे झिजला. खिंडीतून लोंढे आले, दगडगोटे घेऊन, चेव आल्यासारखे. आणि खिंड संपून जमीन सपाट झाली तशी त्यांची ताकद गेली. हातातलं सगळं टाकून दिलं. मोठे दगड खिंडीपाशी, लहान पुढे, गाळ आणखी पुढे. पुढच्या वेळी लोंढ्याने वाट बदलली, तिकडे टाकलं. असं करता करता पंख्यासारखं पसरलं आणि वरून घट्ट होऊन बसलं. तुमची अख्खी वाडी त्या पंख्यावर आहे.

मी म्हटलं, म्हणजे पावसात पन्हळीखाली अंगणात होतं तसं. धार पडते तिथे खडे, मग रेती, मग तुळशीपर्यंत चिखल, अर्धगोल.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि वही काढून ते लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घ्यायची ही पहिलीच वेळ. याआधी शाळेत लिहून घ्यायचे, पण ते तक्रारीच्या वहीत.

मग मी सहज विचारलं की या पंख्यात सगळ्यात मोठा दगड केवढा असतो. त्यांनी वर बोट केलं. दरडीत मधोमध एक काळा दगड होता, बसलेल्या म्हशीएवढा. त्याची पाठ तेवढी बाहेर, बाकी सगळी मातीत. खालून पाणी झिरपत होतं. म्हणाल्या, खिंड जवळ आहे ना, इथे असले बरेच असणार. वरून नुसती पाठ बघितली तर कोणालाही वाटेल की खडकच लागला. कडेने खणल्याशिवाय कळायचं नाही.

मला म्हणायचं होतं, कळतं. आमच्यात ऐकून कळतं. आणि तेवढ्यात माझं मलाच कळलं. आमच्या बावीतला तो आवाज मला नीटच ऐकू आला होता. मामाला आला नव्हता.

एकदम सगळं आठवायला लागलं. मामा टीव्हीच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसतो. हाक मारली की दुसऱ्याच दिशेला बघतो. मागच्या वर्षी चुलत बहिणीच्या हळदीत मी त्याचं "आँ?" काढून दाखवलं होतं, हात कानामागे नेऊन. मांडव हसला. मामाही हसला, सगळ्यांच्या मागून, थोडा उशिरा. मला तेव्हा वाटलं होतं नक्कल जमली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. मग हळूच म्हणाली की तिला दोन वर्षांपासून माहीत आहे. त्याच्याशी बोलताना ती पुढ्यात जाऊन बोलते, चढ्या आवाजात बोलते आणि कोणी विचारलं तर म्हणते, माझोच आवाज मोठो. मी म्हटलं, मग सांग त्याला, बाव बुजवू नको म्हणून. ती म्हणाली, "बाव नाय झाली तर मी व्हाळार जायन. तेचो कान गेलो म्हणान गावभर झाला तर तो खंय जायत?"

मी तिच्या बाजूला बसून तांदूळ निवडायला लागलो.

रविवारी सकाळी मी मामाकडे गेलो आणि खोटं बोललो. म्हटलं, तुझी लहान पहार खाली राहिली, काढायला चल. पहार आणि एक घण मीच आदल्या दिवशी शिडीवरून उतरून खाली ठेवले होते. मामा पुटपुटत आला. आम्ही दोघं शिडीने उतरलो. खाली गार होतं आणि ओल्या मातीचा वास. मी घण उचलला आणि त्या काळ्या दगडावर ठोका मारला.

मामाने माझ्याकडे बघितलं. मग दगडाकडे. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. आधी कातळ काढला, *टण्णऽऽऽ*, श्वास संपेपर्यंत. मग गोटा, *टण्*.

मामा म्हणाला, "परत काढ."

मी परत काढले. दोन्ही.

"आणि हेचो?"

मी खोटं बोलू शकलो असतो. अख्ख्या गावाला आजवर काय काय खोटं ऐकवलंय. पण मामाला दगड खोटा काढून दाखवणं जमेना. मी *टण्* केलं आणि तोंड मिटलं.

मामा त्या दगडावरच बसला. हात गुडघ्यांवर. मग म्हणाला, "माका टण् इतक्याच येता रे. कातळ आसो, गोटो आसो. फुडचा काय येणा नाय. मी ह्या दोन वर्सां नुसतो हातान ओळखी होतंय. ह्यो बावभर पसरलो, म्हणान कातळ म्हटलंय." मग त्याने विचारलं, "हळदीत माझी नक्कल केलंस, तेवाच तुका कळला होता?"

मी म्हटलं, नाय. आणि ते त्याला ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्याने म्हटलं की वर आई धावत काठावर आली आणि विचारायला लागली की कोण पडलं.

मामा उठला. ती लहान पहार घेतली आणि दगडाच्या कुशीला, मातीच्या कडेने, उकरायला लागला. मी दुसऱ्या बाजूने. तासाभरात दगडाची पाठ वळायला लागली, खाली, आत. म्हशीचं पोट जसं वळतं तशी. मामाने तिथे हात घातला, कोपरापर्यंत, आणि बाहेर काढला तेव्हा हाताला बारीक रेती होती आणि रेतीतून पाणी टपकत होतं. त्याने तो हात तसाच वर धरला, आईला दिसेल असा. आई वर काठावर पदर तोंडाला लावून बसली.

सोमवारी गडी बुजवायला आले होते ते फोडायला लागले. पाचर मारून मारून गोट्याचे तुकडे करायला चार दिवस गेले. मॅडम मधे एकदा येऊन तुकडे पिशवीत भरून घेऊन गेल्या, भोकांतले पांढरे खडे बघून त्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. त्याखाली रेतीचा थर होता. पाचव्या दिवशी सकाळी बावीत घोटाभर पाणी होतं, दुपारी गुडघाभर. आईने पहिली कळशी काढली ती शेजारणीच्या सुनेला नेऊन दिली. का, ते मी विचारलं नाही. ती खूश होती एवढं दिसत होतं, आणि सूनही हसली.

गावात सगळे म्हणायला लागले, मामाचा कान तो मामाचा कान, कातळाखालचं पाणी ऐकलं. टपरीवर हे माझ्यासमोर चाललं होतं आणि मी मान हलवून चहा पीत होतो. आईला तेच हवं होतं. मलाही.

मग पलीकडच्या गावचा एक जण मामाकडे आला. त्यांच्या बावीत दगड लागला होता. मी तिथेच ओट्यावर होतो. मामाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे तोंडाकडे बघून घेतलं, आणि म्हणाला, "माका आता ऐकाक येणा नाय. कान गेले. ह्यो भाचो ऐकता, ह्येका न्हे."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. त्याने मला गणपतीत रेडा होताना बघितलं होतं. म्हणाला, "ह्यो? ह्यो तर नकला करता."

"मगे?" मामा खेकसला. "शिरा पडो तुझ्या तोंडार. दगड बोलता, तसाच ह्यो बोलून दाखयता. मी काय तुका दगडाचो वकील देवू?"

माणूस हसला, पण जागचा हलला नाही. शेवटी मामाच उठला, हातोडी पिशवीत घातली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसला. ठोका मी मारायचा, ऐकायचं मी, आणि बाजूला उभं राहून रागाने बघायचं त्याने, असं वाटेतच ठरलं. सगळी वाट तो ओरडून बोलत होता आणि मीही ओरडून उत्तर देत होतो. रस्त्याकडेच्या शेतातली माणसं काम थांबवून बघत होती.